एकतीस कार्डे

दोनशे कार्डांपैकी एकशे एकोणसत्तर जुळली आणि एकतीस जुळली नाहीत, हे कळले तेव्हा बुधवारचे साडेअकरा वाजले होते. चुनीलालने पेन्सिल कानावर ठेवली आणि पुन्हा मोजले. एकतीसच. तीन-चार निघतील असे त्याने धरले होते. फार तर सहा. खाली जिनिंगचे चरके चालू होते आणि त्यांची थरथर फळ्यांतून वर येऊन टेबलाच्या पायांत शिरत होती. मार्च लागला तरी नंदुरबारला कापूस यायचा थांबला नव्हता. खिडकीतून सरकीचे तंतू आत येत, कार्डांवर बसत, आणि दर थोड्या वेळाने फुंकर घालावी लागे. त्याने फुंकर घातली. कार्डे जशीच्या तशी राहिली. डावीकडे नजीरने लावलेला गठ्ठा, उजवीकडे धनुबाईंनी लावलेला. दोन्ही गठ्ठ्यांत तीच दोनशे नावे, दोघांपुढे तेच नियमपत्रक, आणि दोघेही आपल्या कामात चोख. दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक पडतो तेव्हा माणूस त्यांतले एक बिघडलेले धरतो, आणि कोणते ते विचारतो. त्यानेही तेच विचारले. मग त्याच्या लक्षात आले की कोणते ते सांगण्यासाठीच त्याला इथे बसवले आहे.

धुळ्याच्या मंडळाने शेतांच्या नावांचा कोश करायचे ठरवले त्याला आता दीड वर्ष झाले होते. गावोगावच्या शाळामास्तरांनी लोकांना विचारून, जसे तोंडून आले तसे, एकेका कार्डावर एकेका शेताचे नाव लिहून पाठवायचे, आणि नंदुरबार, शहादे, तळोदे या तालुक्यांची कार्डे इथे, जिनच्या माडीवर, लावायची, अशी व्यवस्था होती. देवदारी लाकडाचे सात खण केले होते: देव, पाणी, झाड, माणूस, माती, जनावर आणि इतर. कोणते नाव कुठल्या खणात जाईल याचे तेरा नियम होते. नावात देवाचा उल्लेख असेल तर देव, हा पहिला. पाण्याचा असेल तर पाणी, हा दुसरा. झाडाचा असेल तर झाड, हा तिसरा. असे करत नवव्यात होते की नावात माणूस आणि त्याची वस्तू, म्हणजे त्याची विहीर, त्याचे झाड, त्याचा बांध, अशी दोन्ही असतील तर माणूस. तेराव्यात, काहीच बसले नाही तर इतर. हे नियम चुनीलालनेच लिहिले होते. धुळ्याच्या बैठकीत ते वाचले गेले, दोन शब्द बदलले, चहा आला, मंजूर झाले. तेव्हापासून नऊ हजार चारशे कार्डे लावून झाली होती. अर्धी नजीरने, अर्धी धनुबाईंनी. कुणाचे कार्ड कुणाकडे गेले ते केवळ टपालाच्या क्रमावर ठरत असे, आणि एकच कार्ड दोघांच्या हातून कधी गेले नव्हते. म्हणून काही चुकले आहे असे कुणालाही कधी वाटले नव्हते.

एप्रिलपासून एकच लावणारा ठेवायचा होता. कोणता ते चाचणीवर ठरावे, ही कल्पना संपादक खांबेट्यांची. दोनशे नावांच्या दोन सारख्या प्रती करायच्या, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचे, आणि तपासनीसाने, म्हणजे चुनीलालने, बरोबर उत्तरांची यादी तयार ठेवायची. ज्याचे यादीशी कमी जुळेल तो जाईल. खांबेटे शनिवारी दुपारच्या एस.टी.ने येणार होते. नजीर जिल्दसाज होता, बापाच्या वेळेपासून. पण शाळेची पुस्तके आता छापखान्यातूनच बांधून येत, आणि दुकानात फक्त चोपड्यांचे काम उरले होते. त्याची बायको सालेहा दुपारी डबा घेऊन जिन्याच्या तळाशी उभी राही. वर कधी आली नाही. धनुबाई रनाळ्याच्या. मुलींच्या शाळेत बावीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊनही बरीच वर्षे झालेली. इथली खुर्ची गेली तर गावातली भाड्याची खोली जाणार, आणि रनाळ्याला दिराच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात परतणे आले. हे त्यांनी कधी सांगितले नव्हते. एकदा फक्त म्हणाल्या होत्या, की त्या ओसरीवर बसले की माणसाला आपल्या पायांचे काय करावे कळत नाही.

त्याने आधी नजीरला बोलावले. एक कार्ड पुढे ठेवले: भिकनना बाभूळनं शेत. हे झाडात का घातले, असे विचारले. नजीरने कार्डाकडे बघितलेच नाही. "चुनीभाई, कागजपर जैसा लिखा है वैसा. तीन नंबरले झाड सांगेल शे, कार्डवर बाभूळ शे. मंग मी नऊपर्यंत कसाले जाऊ?" मग म्हणाला, "फर्मा शिवताना पहिली घडी बसी गयी की ती उकलतस का कोणी?" धनुबाईंना विचारले तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "सगळा तेरा वाचेल बिगर मी कार्डले हात बी नही लावत, पाटीलभाऊ. पोरीस्ले बी हाईच सांगे मी. पहिले आख्खा पेपर वाचा, मंग दौत उघाडा. आते हाई बाभूळ कोनी? भिकननी. नाव आख्खं कथं बसस ते दखाले नको का?" दार उघडेच होते आणि नजीर दारात उभा होता. धनुबाईंनी मान न वळवता म्हटले, "नजीरभाऊले पहिलं दार उघडं दखायनं की ते आत." नजीर हसला. "आन बाई सगळी गल्लीन्या कड्या वाजाडतीन, मंग घर ठरावतीन. तोवर जेवण थंड." "थंड जेवसू, पन आपलाच घरमा जेवसू," असे म्हणून धनुबाई उठल्या. जाताना त्यांनी नजीरच्या टेबलावरची, तंतू उडवायची फुंकणी उचलून आपल्याकडे नेली, आणि त्याने ती नेऊ दिली. दोघेही यादीबद्दल काही बोलले नाहीत. दीड वर्ष एका छपराखाली काम केलेल्या माणसांना आपल्यापैकी एक शनिवारी उठणार हे ठाऊक असते तेव्हा ती फुंकणीवरून भांडतात, हे चुनीलालच्या लक्षात आले आणि ते त्याने मनात कुठेतरी नोंदवून ठेवले. त्याला तशी सवय होती.

गुरुवारी सकाळी तो यादी करायला बसला. अवघड नव्हते. नियम त्याचेच होते, आणि नियम करणाऱ्याला त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. एकतीस कार्डे त्याने पालथी घातली, पिसली, आणि एकेक उलटून खणाचे नाव लिहीत गेला. वीस मिनिटांत संपले. मग त्याने आपली यादी दोघांच्या गठ्ठ्यांशी लावून पाहिली. पंधरा ठिकाणी तो नजीरसारखा निघाला, सोळा ठिकाणी धनुबाईंसारखा. आधी त्याला वाटले हे शहाणपणाचे लक्षण असावे. प्रत्येक कार्डाकडे त्याच्या गुणाप्रमाणे पाहिले म्हणून असे झाले असावे. पण मग भिकनची बाभूळ झाडात का आणि दगा पाटलाची चिंच माणसात का, हे त्याला सांगता येईना. दोन्ही नावांची घडण एकच होती. माणूस, त्याचे झाड, शेत. फरक एवढाच की बाभूळ सुरुवातीला आली होती, हात गरम व्हायच्या आधी, आणि चिंच बाराव्या की तेराव्या क्रमांकावर, खाली चरका थांबला होता तेव्हा. चरका थांबला की माणूस पूर्ण वाचतो काय? हा प्रश्न त्याला हास्यास्पद वाटला, पण तो हसला नाही. पहिले बसेल तिथे थांबायचे की सगळ्यांत जास्त बसेल ते शोधायचे, हे नियमपत्रकात कुठेच नव्हते. तेरा नियम होते, पण ते कसे वाचायचे याचा नियम नव्हता. नजीर बरोबर होता. धनुबाई बरोबर होत्या. कुठल्याच कागदाप्रमाणे नसलेला असा या माडीवर तो एकटा होता.

चोविसावे कार्ड त्याने मुद्दाम बाजूला ठेवले होते, आणि आता दुपारी, दोघे जेवायला गेल्यावर, ते पुढे ओढले. अक्षर अनोळखी, मास्तराचे, उजवीकडे झुकलेले. तापीबाईना आंबानं वावर. गाव त्याचेच, तापीकाठचे. हे कार्ड चाचणीच्या दोनशेत त्याने घातलेले नव्हते. ती दोनशे धुळ्याहून निवडून आली होती, कुठलीही उचललेली. या शेताला घरात सगळे आंब्याचे वावर म्हणत, आणि त्यानेही कधी दुसरे काही म्हटल्याचे त्याला आठवत नव्हते. तापीबाई म्हणजे त्याची फुई, बापाची बहीण. सासरहून परत आलेली. घरात तिच्याविषयी हे एकच सांगितले जाई आणि तेवढ्यावर सगळ्यांचे भागत असे. का परत आली, कुणी पाठवली, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. शब्द बसला होता. तिने त्या उजाड तुकड्यात आंबा लावला आणि दोन उन्हाळे नदीवरून घागरीने पाणी घातले, हे त्याला दिसत होते. घागर नाही, घागरीखालचे चुंबळ दिसत होते, ओले, आणि कानामागून उतरणारे पाणी. त्या आंब्याच्या कैऱ्या आंबट आणि दोरे असलेल्या. त्यांची चव आता, जिनच्या माडीवर, दाढेत आली.

वीसेक वर्षांपूर्वी गावात मोजणीदार आला होता. चुनीलाल सोळा-सतराचा, फायनल पास, घरात लिहिता येणारा एकटाच. मोजणीदाराने बापाला शेतांची नावे विचारली आणि बाप म्हणाला, लिहून दे रे. कागदावर नावासाठी बोटभर रुंदीचा रकाना होता. त्याने पहिल्या शेताचे नाव लिहिले, दुसऱ्याचे लिहिले, तिसऱ्याला, जागा वाचवून, आंबा वावर लिहिले, रकाना भरला, पुढे गेला. फुई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मोजणीदार पाणी प्यायला ओसरीवर गेला तेव्हा ती आत आली. "मन्हं नाव लिखं ना रे, चुनी?" तो म्हणाला, "लिखं, फुई." विचार करून खोटे बोलला नव्हता. पुढे जायचे होते, मोजणीदार परत येणार होता. "दखाड बरं, कथं शे," ती म्हणाली. त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. बोट आंबा या शब्दावर पडले. तिने वाकून पाहिले, बराच वेळ, आणि मग आपले बोट त्याच्या बोटाशेजारी आणून, कागदाला न लावता, हवेतच त्या अक्षरांवरून फिरवले. "एवढंसंच शे?" ती म्हणाली. पुढे काही दिवसांनी ज्वारीच्या कणगीवर कोळशाने काढलेला शब्द घरातल्यांना दिसला. वाकडा, पण वाचता येईल असा. आंबा. बाप पोट धरून हसला. "फुईनी ज्वारीना आंबा करी टाका!" सगळे हसले. चुनीलालही हसला. तिने नाव घातले होते आपल्या कणगीवर, हे त्या घरात फक्त त्याला कळत होते. नंतर तो शब्द तिच्या तांब्याच्या बुडावर खिळ्याने कोरलेला सापडला, आणि पाटीच्या कडेला. ती गेली त्याला आता बारा वर्षे झाली. तांब्या कुणाकडे गेला त्याला माहीत नव्हते.

आणि हे कार्ड. गावात कुणीतरी, ज्याला कागदावर काय आहे ते ठाऊक नव्हते, मास्तरला म्हणाला होता तापीबाईना आंबानं वावर. वीस वर्षे लोक तसेच म्हणत आले असणार. त्याच्या बोटभर रकान्याचा तिथे काही परिणाम झाला नव्हता. यात आनंद मानावा असे वाटून त्याने आनंद शोधला. सापडला तो थोडा. बाकी एक अस्वस्थपणा होता, दुखणारा नाही, बूट चावायला लागण्याच्या जरा आधी असतो तसा. त्याने नियमपत्रक काढले. झाड तिसरे. माणूस नववा. असे का लावले? त्याने खरोखर आठवून पाहिले. ज्या संध्याकाळी हे लिहिले तेव्हा काही विचार होता का? नव्हता. आधी सुचले ते आधी लिहिले होते. देव, पाणी, झाड. माणूस आठव्याच्या नंतर आठवला, आणि तोही वस्तू बरोबर असेल तर. नजीर तिसऱ्यावर थांबतो तेव्हा तो नजीरचा दोष नसतो. तो चुनीलालचा त्या संध्याकाळचा हात असतो, आणि त्याच्याही आधीचा, मोजणीच्या कागदावरचा हात. नजीरने लावलेल्या चार हजार सातशे कार्डांत किती माणसे झाडात, पाण्यात, मातीत गेली असतील याचा त्याने अंदाज केला. साडेपंधरा टक्के. सातशेच्या वर. आकडा आल्यावर त्याला नेहमीप्रमाणे बरे वाटले, आणि लगेच वाटेनासे झाले.

संध्याकाळी त्याने ते कार्ड खिशातून काढून बायकोपुढे, जमनापुढे, धरले. कार्ड घरी आणायची परवानगी नव्हती. दीड वर्षात पहिल्यांदाच त्याने आणले होते. जमनाला जोडून जोडून वाचता येई. ती तांदूळ निवडत होती. तिने हात पदराला पुसला, कार्ड दिव्याकडे तिरपे केले, ओठ हलवले. "हाई तं आपलं," ती म्हणाली. "ते नही विचारत," तो म्हणाला. "देव, पाणी, झाड, माणूस, माती, जनावर. यामा कोणतं?" "आपलं सांगं ना." "आपलं असा खण नही शे." "मंग खण कमी करेल शेतस तुम्ही," असे म्हणून तिने कार्ड परत दिले आणि तांदळातला खडा शोधला. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "कोण जाई ऱ्हायनं? नजीरभाऊ का बाई?" "मी यादी करसू तसं." "मंग तुम्हीच ठरावनार शेतस ना," ती म्हणाली, सुपाकडे बघत. त्याला लग्नाआधीची एक गोष्ट आठवली. तीन स्थळे आली होती आणि बापाने विचारल्यावर त्याने पहिल्याच पत्रिकेला हो म्हटले होते, उरलेल्या दोन उघडल्या नव्हत्या. सोळा वर्षांत त्याला त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. पण ती जमना होती हे सगळे वाचून पाहण्याचे फळ नव्हते, आणि तिला हे माहीत आहे का, असे त्याला आज पहिल्यांदा वाटले. विचारण्यासारखे नव्हते. तिने सूप आपटून बाजूला ठेवले.

शुक्रवारी त्याने पुन्हा यादी केली, कालची न बघता. सात कार्डे कालच्यापेक्षा वेगळ्या खणात गेली. म्हणजे तो स्वतःशीही जुळत नव्हता. मग पाटीवर मांडून पाहिले: पहिले बसेल तिथे थांबायचे ठरवले तर नजीर एकतीसपैकी एकतीस बरोबर, धनुबाई शून्य. सगळे वाचायचे ठरवले तर उलट. मधली कुठलीही यादी करायची तर ती त्याची लहर असणार. कुणाला ठेवायचे ते आधी ठरवून यादी मागाहून करणे सगळ्यांत सोपे होते, आणि कुणालाही ते कधी कळले नसते. या सोपेपणाकडे त्याने थोडा वेळ शांतपणे पाहिले. नजीरची मुले लहान होती. धनुबाईंना ओसरी होती, वाईट असली तरी होती. किंवा: नजीरच्या हाताला कला होती, तो कुठेही जगेल. बाईंच्या हाताला आता काही नव्हते. दोन्ही युक्तिवाद सारखेच बसत होते. दुपारी नजीर चहाचे दोन पेले घेऊन आला, एक त्याच्यापुढे ठेवला आणि जाता जाता म्हणाला, "चुनीभाई, बाईले ऱ्हाऊ द्या असं मी सांगनार नही. मन्ही बायको मारी माले. पन सांगता ऊनं असतं तं सांगतू." पाचच्या सुमाराला धनुबाई छत्री घ्यायला आत आल्या आणि छत्री शोधत म्हणाल्या, "त्या माणूसनं तुम्हना डोकामा काही भरावं का? भोळा शे तो. त्याना ऐकजा नका." छत्री त्यांच्या हातातच होती.

खांबेटे शनिवारी दीड वाजता आले. धुळीने त्यांचा कोट राखाडी झाला होता. त्यांनी तो खिडकीत झटकला, पाणी प्यायले, आणि खुर्चीवर बसून हात पुढे केला. "यादी." चुनीलालने दोन याद्या पुढे ठेवल्या, एक नजीरची, एक धनुबाईंची, आणि तिसरा कागद, नियमपत्रक. "या दोन्ही बरोबर आहेत," तो म्हणाला. खांबेट्यांनी त्याच्याकडे पाहिले. ते रागावणारे नव्हते, नीट ऐकून घेणारे होते, आणि म्हणून त्यांच्यापुढे बोलणे जड जाई. चुनीलालने एक कार्ड उचलून दिले. "आपण हे लावून पाहता?" दगा पाटीलना चिंचनं शेत. खांबेट्यांनी नियमपत्रकावर नजर फिरवली. "माणूस. नववा." चुनीलालने दुसरे दिले. भिकनना कुवाजोडेनं शेत, म्हणजे विहिरीजवळचे. "पाणी," खांबेटे म्हणाले, "दुसरा." "आधीचं नवव्याने लावलंत. हे नवव्याने का नाही?" खांबेट्यांनी दोन्ही कार्डे शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. खाली चरक्यात काहीतरी अडकले असावे. एक माणूस ओरडला आणि थरथर थांबली. "हं," खांबेटे म्हणाले. "नऊ हजार चारशे?" "सगळी पुन्हा लावावी लागतील." "नियमपत्रक समितीने मंजूर केलंय. मीही होतो त्या बैठकीला. तसंच लिहू शकतो मी अहवालात, समितीच्या लक्षात आलं नाही म्हणून." त्यांनी ते सरळ सांगितले, उपकार करतो आहे असे न दाखवता. चुनीलालला त्या वाक्याची जागा दिसली. ती मोकळी होती, आणि त्यात तो अगदी बसत होता. "क्रम मी लावला," तो म्हणाला. "कसा वाचायचा ते लिहायचं राहिलं तेही माझं. माझ्या नावावर लिहा."

खांबेट्यांनी लिहिले. त्यांना दोन ओळी पुरल्या. मग टाक खाली ठेवून ते बोलू लागले, चुनीलालपेक्षा कार्डांशीच. "एकाला ठेवला असता तर पुढे सगळं जुळलं असतं. जुळलं असतं, कारण दुसरं कोणी नसतं." त्यांनी बोटे टेबलावर वाजवली. "म्हणजे दोघं हवेत. प्रत्येक कार्ड दोघांच्या हातून जायला हवं. जिथे फरक पडेल तिथे दोघांनी बोलून ठरवावं." इथे ते थांबले, आणि पुढचे काय आहे ते चुनीलालला त्यांच्या आधी कळले. "तीन खुर्च्यांची सोय नाही, पाटील. ती दोघं एकमेकांना तपासतील तर..." "तपासनीस लागत नाही," चुनीलाल म्हणाला. खांबेट्यांनी मान डोलावली. त्यांनी वाईट वाटल्याचे सांगितले नाही, आणि ते सांगत नाहीत याबद्दल चुनीलालला त्यांच्याविषयी आदर वाटला. महिनाअखेर, असे ठरले. गावाकडे केळीला आता भाऊ एकटा होता. त्याला माणूस हवाच होता. जमनाला काय सांगायचे ते चालता चालता सुचेल. हे सगळे त्याच्या मनातून ठरावीक गतीने गेले, जणू दुसऱ्या कुणाच्या बातमीतल्या ओळी. खांबेटे चारच्या गाडीने परत जायला उठले. जिन्यात त्यांची नजीरशी गाठ पडली आणि त्यांनी त्यालाच दोघांचे सांगितले. नजीर वर आला तो धापा टाकत. "बाई! दोन्ही! आपण दोन्ही!" धनुबाई खुर्चीवर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी विचारले, "आन पाटीलभाऊ?" नजीरने चुनीलालकडे पाहिले. त्याला हे जिन्यात सांगितले गेले नव्हते.

"नवा नियम लिहायचा आहे," चुनीलाल म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवे होते. त्याने नियमपत्रकाच्या वर, पहिल्या नियमाच्याही आधी, उरलेल्या कोऱ्या पट्टीत लिहिले: सर्व नियम वाचावेत. जितके बसतील तितक्यांचे क्रमांक कार्डाच्या मागे लिहावेत. एकही सोडू नये. खण सर्वांत अधिक शब्द व्यापणाऱ्या नियमाचा. मग त्याने एकतीस कार्डांच्या दोन प्रती दोघांना दिल्या, नजीरला आतल्या खोलीत पाठवले, धनुबाईंना खिडकीशी बसवले, आणि स्वतः मधल्या दारात उभा राहिला. त्याला नजीरची बोटे नियमांवरून खाली, शेवटपर्यंत, पुन्हा वर जाताना दिसत होती, आणि धनुबाई नेहमीपेक्षा सावकाश लिहीत होत्या, कारण त्यांना आता उत्तराबरोबर रस्ताही लिहायचा होता. पावणेपाचला दोघांनी गठ्ठे आणून दिले. त्याने ते नेहमीसारखे लावून पाहायला सुरुवात केली, आणि तिघेही टेबलावर वाकले. जुळले. जुळले. सालेहा खालून हाक मारत होती, नजीरने ऐकले नाही. तीस जुळली. उरलेल्या एका कार्डावर दोन्ही प्रतींच्या मागे वेगवेगळे क्रमांक होते. चुनीलालने ते उलटायला हात पुढे केला. "ऱ्हाऊ द्या, पाटीलभाऊ," धनुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्याला ओळखीचा वाटला नाही, "हाई आते आम्ही दखी लिसूत." नजीरने खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी आणली. चुनीलालने हात मागे घेतला, खुंटीवरची टोपी काढली, आणि ते कार्ड कोणत्या शेताचे होते ते न वाचताच जिना उतरू लागला.